तिकडच्या यात्रेला खुशाल जा, फक्त प्रसादाला हात पुढे करू नका

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देते:

"ताई, नमस्कार. मी अमळनेरची, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली, वय ६१. लेक-जावई लिस्बनला आहेत, मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडे जातोय. त्यांच्या शेजारी एक पोर्तुगीज आजी राहतात, आमच्या नातवाला पोटच्या नातवासारखं सांभाळतात. त्या दरवर्षी १२-१३ मे ला फातिमा नावाच्या गावी मेरीमातेच्या यात्रेला जातात, यंदा आम्हा दोघांना घेऊन जायचं म्हणताहेत. लेक म्हणते चल, जावई म्हणतात तुमची मर्जी. आमचे हे माळकरी आहेत, शुगर आहे, गुडघे दुखतात. नणंदबाईंना कळलं तर फोनवरच म्हणाल्या, 'आते तू काय बाटी जाशी का?' ताई, जावं का? गेलो तर वागायचं कसं, प्रसाद घ्यायचा का, नवस बोलता येतो का, यांनी माळ-टोपी घालावी का? आणि मे महिन्यात एवढ्या गर्दीत उघड्यावर, उन्हाने चक्कर येईल ही भीती आहेच."

माई, जा. पहिल्या ओळीतच सांगून टाकते कारण तुमचं पत्र वाचताना मलाच राहवेना, मी स्वतः गेलेय तिथे, याच १२ मे च्या रात्री, मुलगा तिकडे नोकरीला होता तेव्हा, आणि तुमच्यासारखीच धुळ्याहून निघताना पोटात गोळा घेऊन निघाले होते.

आधी उन्हाचं सांगते म्हणजे ती भीती डोक्यातून जाईल. आपल्याकडे मे महिना म्हणजे जळगाव-भुसावळ ४५ ला टेकलेलं, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं सगळीकडे तसंच. फातिमा डोंगराळ भागातलं गाव आहे, दिवसा ऊन असतं पण रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो आणि वारा सुटतो, आणि मुख्य कार्यक्रम रात्रीचाच असतो. मी पातळ कॉटनची साडी आणि वर शोभेची शाल घेऊन गेले होते, दात वाजत होते अक्षरशः, शेवटी शेजारच्या अनोळखी बाईने स्वतःच्या पोरीचं जॅकेट काढून माझ्या खांद्यावर टाकलं. तेव्हा स्वेटर, मफलर, पायमोजे, आणि साडीखाली स्पोर्ट शूज, लाजायचं नाही, कोणी बघत नाही. पाऊसही येऊ शकतो, छत्रीपेक्षा रेनकोट बरा, छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही.

आता हे फातिमा आहे तरी काय. नावावरून तुमच्या नणंदबाई अजून गोंधळतील. गाव पोर्तुगालचं, यात्रा कॅथलिक लोकांची, आणि नाव फातिमा, कारण त्या देशावर पूर्वी काही शतकं मूर म्हणजे मुसलमान राज्यकर्ते होते, गावाचं नाव एका मूर राजकन्येवरून पडलं अशी दंतकथा सांगतात. पुढची गोष्ट मात्र १९१७ ची आहे, पहिलं महायुद्ध चालू असतानाची. तीन पोरं मेंढ्या चारत होती, लुसिया दहा वर्षांची, तिचा मामे-आतेभाऊ फ्रान्सिस्को आठ वर्षांचा आणि त्याची बहीण जसिंता सात वर्षांची. १३ मे ला त्यांना एका लहानशा झाडावर उजेडात एक बाई दिसली, तीच मेरीमाता म्हणजे येशूची आई असं मानतात, आणि तिने सांगितलं की दर महिन्याच्या १३ तारखेला इथे या. पोरांना लोकांनी आधी खोटारडं ठरवलं, ऑगस्टमध्ये तर तिथल्या सरकारी माणसाने त्यांना उचलून नेऊन डांबून ठेवलं होतं. पण दर महिन्याला गर्दी वाढतच गेली, आणि १३ ऑक्टोबरला भर पावसात हजारो लोक जमले आणि सूर्य आकाशात नाचताना दिसला असं त्यातल्या पुष्कळांनी सांगितलं. दिसला की नाही यावर आजही वाद आहे, आपण त्यात पडायचं कारण नाही. चर्चनेही घाई केली नाही, रीतसर चौकशी करून तेरा वर्षांनी, १९३० साली, या घटना विश्वास ठेवण्याजोग्या आहेत असं जाहीर केलं.

फ्रान्सिस्को १९१९ ला आणि जसिंता १९२० ला गेली, त्या मोठ्या फ्लूच्या साथीतच दोघं आजारी पडली होती. आपल्या आज्या जिला मानमोडी म्हणायच्या तीच साथ. लुसिया नन झाली आणि ९७ वर्षांची होऊन २००५ मध्ये वारली. त्या दोन भावंडांना पोप फ्रान्सिस यांनी बरोबर शंभर वर्षांनी, १३ मे २०१७ ला, तिथेच संत म्हणून जाहीर केलं.

आजी तुम्हाला मूर्तीचा मुकुट दाखवतीलच, त्याची गोष्ट आधी ऐकून ठेवा. १९८१ मध्ये रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या, तारीख नेमकी १३ मे. ते वाचले, आणि मेरीमातेने वाचवलं असं ते म्हणायचे. त्यातली एक गोळी आज फातिमाच्या मूर्तीच्या मुकुटात बसवलेली आहे. मी ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता, देवाला सोनं-चांदी वाहिलेली आपण बघतो, बंदुकीची गोळी वाहिलेली कधी बघितली नव्हती.

बाटण्याचं काय ते दोन वाक्यांत सांगते. यात्रेत उभं राहून कोणी ख्रिश्चन होत नाही, मोठ्या माणसाला बाप्तिस्मा घ्यायचा असला तर आधी महिनोन्‌महिने शिकवण असते, तुम्हाला तिथे ना कोणी पाणी शिंपडून नाव बदलणार ना कागदावर सही घेणार. नणंदबाईंना सांगा, काही व्हत नही. आणि नाहीच ऐकलं तर विचारा की आपल्या कानबाईदेवीच्या सणाला, रोटाच्या जेवणाला गल्लीतली दुसऱ्या धर्माची शेजारीण येऊन बसते, पुरण खाऊन जाते, ती काय बाटून जाते का?

आणि खरं सांगू, तुम्ही तिथे गेलात की तुम्हाला परकं वाटणारच नाही. चैत्रात आपल्याकडून वणीला पायी जाणारे कसे निघतात, धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी, रस्त्याच्या कडेने रांगच रांग, पायाला चिंध्या बांधलेल्या, कुठे कोणी चहा देतंय, कोणी साबुदाण्याची खिचडी, कोणी म्हातारीचे पाय चेपतंय. तिकडे डिट्टो तेच चालतं. अख्ख्या पोर्तुगालमधून लोक आठ-आठ दिवस चालत येतात, हायवेवर गाडीवाल्यांना दिसावं म्हणून अंगात ते चमकणारं पिवळं जॅकेट घालून, आणि पोचल्यावर त्यांचे पाय धुऊन फोडांना मलमपट्टी करून द्यायची सोय देवस्थानातच असते. मी एक सत्तरीचा माणूस बघितला, बूट काढून पाय टबात सोडून बसलेला, समोर कॉलेजातली पोरगी खाली बसून त्याच्या टाचेचा फोड बघतेय, आणि तो डोळे मिटून नुसता सुस्कारे टाकतोय. मला आमचे आप्पा आठवले, वणीहून आले की पितळी परातीत मिठाचं गरम पाणी घेऊन असेच बसायचे, कोणी काही विचारलं की फक्त हूं म्हणायचे.

काहीजण गुडघ्यावर चालत येतात. उतरत्या मैदानात एक गुळगुळीत दगडी पट्टा केलेला आहे, त्यावरून खाली, ती बाई दिसली त्या जागी बांधलेल्या लहान चॅपलपर्यंत, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरापर्यंत. आपल्याकडे दंडवत घालत जातात तसंच समजा. हात जोडून म्हणते, त्यांचे फोटो-व्हिडिओ काढू नका, रील तर नकोच. नवऱ्याच्या हाताला धरून एक तरुण बाई गुडघ्यावर येत होती, कडेवर तान्हं बाळ, तिचा चेहरा बघितल्यावर माझा मोबाईल आपोआप पर्समध्ये गेला.

आता प्रसादाचं, आणि हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण इथेच आपली माणसं चुकतात, मीही चुकले.

त्यांची जी मोठी पूजा असते तिला मिस्सा म्हणतात (आपल्या वसईकडचे ख्रिस्ती लोकही मिस्साच म्हणतात). तिच्या शेवटाकडे फादर लोक गर्दीत येऊन पातळ पांढरी गोल चकती देतात, कम्युनियन म्हणतात त्याला. दिसायला प्रसादासारखंच दिसतं आणि आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं की प्रसादाला नाही म्हणू नये, उजवा हात पुढे करावा, डोळ्याला लावावा. मी तेच केलं. रांग पुढे सरकत होती, मीही सरकले, फादरनी काहीतरी म्हटलं, मी मान हलवली, चकती हातावर पडली. आणि मी काय केलं असेल? रुमालात बांधली. घरी नेऊन सगळ्यांना कणकण द्यायची म्हणून, आपण पंढरपूरच्या बुक्क्याची पुडी नाही का जपून आणत. दहा पावलंही गेले नसेन, एक सिस्टर जवळजवळ पळतच आली, रुमालाकडे बोट दाखवून हळू आवाजात काहीतरी विचारायला लागली. शब्द कळला एकच, कॅथलिक? मी मान नाही अशी हलवली. तिने दोन्ही हात पुढे केले, मी रुमाल सोडला, तिने ती चकती उचलली आणि तिथल्या तिथे स्वतः खाल्ली, मग रुमालाची घडीन्‌घडी उघडून कण राहिला नाही ना हे बघितलं आणि रुमाल नीट घडी करून मला परत दिला. रागावली नाही हो, उलट माझ्या गालाला हात लावून गेली, पण मी पुढचा अर्धा तास मान वर केली नाही.

नंतर मुलाने समजावून सांगितलं तेव्हा कळलं. आपला प्रसाद म्हणजे देवाला दाखवून आलेलं अन्न, जो येईल त्याला द्यायचं, जितकं वाटाल तितकं पुण्य. त्यांचं तसं नाही. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती चकती मिस्सेत खुद्द येशूचं शरीर होते, शरीरासारखं असं नाही, शरीरच. म्हणून ती बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारीने आलेल्या कॅथलिकांनीच घ्यायची, त्यांच्यातही मोठं पाप मनावर असलं तर आधी कबुली देऊन मग. आणि घेतली की तिथेच फादरसमोर खायची, खिशात घालून नेणं म्हणजे त्यांच्यासाठी फार मोठा अपमान. म्हणून आजींनी प्रेमाने पुढे ढकललं तरी तुम्ही जागेवर बसून राहा, हात जोडा, बास. घेतलं नाही तर अपमान होईल असं आपल्याला वाटतं, तिथे बरोबर उलटं आहे. त्यांच्यातलेही पुष्कळजण त्या वेळी जागेवरच बसलेले असतात, तुम्ही एकट्या दिसणार नाही. आमच्या साहेबांना शुगर आहे म्हणून नको, असली कारणं द्यायची तर अजिबात गरज नाही. लेकीला सांगा आधीच आजींना मोकळेपणाने सांगून ठेव की आई-बाबा येतील, बसतील, मेणबत्ती लावतील, कम्युनियन घेणार नाहीत. आजींना आनंदच होईल, तुम्हाला त्याची किंमत कळते म्हणून.

बाकी वागण्याचं सोपं आहे. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, गुडघे टेकले तर तुम्ही टेकायलाच पाहिजेत असं नाही, यांच्या गुडघ्यांना तर नकोच. मधे एकदा सगळे एकमेकांकडे वळून हात मिळवतात, ते शांतीचं अभिवादन, तेव्हा तुम्ही हसून नमस्कार केला तरी छान. चर्चमध्ये चपला-बूट बाहेर काढायचे नाहीत आणि पुरुषांनी टोपी काढायची, म्हणजे देवळाच्या बरोबर उलटं, आपण डोकं झाकतो आणि पाय उघडे करतो. तेव्हा यांनी गांधी टोपी खुशाल घालावी, मैदानात उन्हाला बरीच, फक्त चर्चमध्ये शिरताना आणि प्रार्थना सुरू झाली की काढून हातात घ्यावी. माळ कशाला काढायची? तिथे प्रत्येकाच्या हातात माळ असते, रोझरी म्हणतात तिला, मणी ओढत जप करतात. यांची तुळशीची माळ बघून चार म्हातारे कौतुकाने हात लावून बघतील. तुमचं कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, सगळं जसंच्या तसं.

नवसाचं विचारलंत. तिथे मेणाचे हात, पाय, डोकं, बाळं विकायला असतात, ज्याचं जे दुखतं त्याचा तो अवयव घ्यायचा आणि तिथल्या मोठ्या जळत्या भट्टीत मेणबत्त्यांबरोबर टाकायचा. वांद्र्याच्या माउंट मेरीला गेला असाल तर तिथेही बघितलं असेल. यांच्या गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहावासा वाटला तर वाहा, कोणी धर्म विचारत नाही, मेणबत्तीही लावा, पैसे पेटीत आपल्या इच्छेने टाकायचे असतात. पण नवस बोलू नका. श्रद्धेचा प्रश्न नाही हो, हिशोबाचा आहे. फेडायला परत व्हिसा, परत तिकीट, परत जावयाच्या घरी महिनाभर, आणि नाही जमलं तर जन्मभर मनाला टोचणी. नवस बोलायचाच तर आपल्या सप्तशृंगीला बोला, एसटीने जाऊन फेडता येतो.

आता जाण्या-येण्याचं. आजींची गाडी असली तर प्रश्नच मिटला, नसली तर लिस्बनहून बसने जा, साधारण दीड तास लागतो, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. रेल्वेच्या वेबसाइटवर फातिमा नावाचं स्टेशन दिसतं, त्याला भुलायचं नाही, ते स्टेशन देवस्थानापासून वीसेक किलोमीटर लांब आहे. म्हसावदला उतरून पद्मालय गाठण्यातला प्रकार, पण तिथे काळी-पिवळी नाही मिळत. मुक्कामाचं बुकिंग लेकीला आत्ताच, हे वाचून झाल्या झाल्या करायला सांगा, १२ तारखेला त्या गावात खोली म्हणजे आषाढीला पंढरपुरात खोली. आजींची काही ठरलेली जागा असेल तर बघा, नाहीतर जवळपासच्या दुसऱ्या गावात राहून पहाटे या, पण मग रात्रीचं परतणं त्रासाचं होतं, गाड्या तासन्‌तास हलत नाहीत.

१२ ला रात्री साडेनऊला जप सुरू होतो, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात, तेव्हा नणंदबाईंना व्हिडिओ कॉल लावू नका. तिथे मे मध्ये अंधारच पावणेनऊ-नऊला पडायला लागतो. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, तिला वाऱ्यासाठी कागदाची टोपी, लाखभर तरी माणूस, आणि मूर्ती पांढऱ्या फुलांनी भरलेल्या पालखीवर खांद्यावरून निघते. गाण्यात मेरीचं नाव आलं की सगळे एकदम मेणबत्त्या वर करतात, मग खाली, मग वर, अख्खं मैदान श्वास घेतंय असं वाटतं. त्यात कागद पेटतो बरं का मधे मधे, तुमच्या पदराचं सांभाळा, सिंथेटिक साडी अजिबात नको. मेणाचे थेंब हातावर पडतात, जुना रुमाल मनगटाला गुंडाळून ठेवा.

मैदानात खुर्च्या नसतात, बहुतेक लोक उभे किंवा जमिनीवर. त्यांचं बघून लेकीला ती घडीची छोटी स्टुलं घ्यायला सांगा, दोन घ्या, यांना ती लागतीलच. पुढे जाण्याचा हट्ट धरू नका, मैदान उतरतं आहे त्यामुळे मागून, वरून जास्त चांगलं दिसतं आणि टॉयलेटही जवळ पडतं. अगदी पुढची जागा आजारी लोकांसाठी, व्हीलचेअरवाल्यांसाठी असते, रिकामी दिसली म्हणून जाऊन बसायचं नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे उजेडातच ठरवून ठेवा, एवढ्या गर्दीत मोबाईलचं नेटवर्क दगा देतं. जुनी बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, तिच्या उंच मनोऱ्यामुळे सगळीकडून दिसते पण तिच्या पायऱ्यांवर भेटू म्हणाल तर सगळं गावच तिथे भेटायला आलेलं असतं, त्यापेक्षा समोरच्या टोकाला नवी गोल बॅसिलिका आहे, २००७ मध्ये बांधलेली, साडेआठ हजारांवर माणसं आत बसतील एवढी, तिच्या बाहेर एखादी ठरावीक जागा धरा. पाकीट, पासपोर्ट अंगावर आतल्या बाजूला, खिसेकापू सगळ्या यात्रांना येतात, त्यांचा धर्म तेवढाच.

औषधं पेटीत नको, हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा इन्शुरन्स काढलाच असेल, त्याची एक प्रिंट यांच्या खिशात ठेवा. काही झालं तर तिकडे ११२ फिरवायचा.

खाण्याचं मात्र जपून. माळकरी माणसासाठी पोर्तुगाल अवघड आहे हे आधीच सांगते. काल्दो वेर्द नावाचं हिरवं सूप मिळतं, पालेभाजी-बटाट्याचं, बघून वाटतं आपलंच काहीतरी आहे, पण त्यात डुकराच्या सॉसेजचे काप असतात. कस्टर्डच्या त्या प्रसिद्ध टार्टमध्ये अंडं. पाव, चीज, संत्री, ऑलिव्ह, उकडलेला बटाटा यावर दोन दिवस निघतात. कार्ने म्हणजे मांस, पेश म्हणजे मासे, आणि आधी सेंग लावलं की "शिवाय", एवढं यांना पाठ करायला लावा. बाकी भाषा थोडी तुम्हाला येतेच, बटाट्याला ते बटाटाच म्हणतात, पाव, चावी, बादली, अननस हे सगळे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेत, आजींबरोबर हा खेळ खेळून बघा, संध्याकाळ मजेत जाते. इकडून नेताना मात्र पेढे, खवा, तूप, चीक-बिक काही भरू नका, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. शेंगदाण्याची चटणी, बिबडे, कोरडा चिवडा बिनधास्त न्या. लेकीसाठी कळण्याचं पीठ तर तुम्ही सांगितलं नाहीत तरी भरणारच आहात, मला माहितीये.

नणंदबाईंना सांगायचं की नाही हे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्रात तेच आहे सगळं. सांगा, जाऊन आल्यावर आणि आपणहून. लपवलेलं स्टेटसवरून कळलं की वर्षभर पुरतं. आणि सांगताना देव एकच असतो वगैरे लावू नका, त्यांनाही ते पटत नसतं आणि आजींनाही कदाचित पटणार नाही, तिचा देव तिला तिचाच हवा असतो. सरळ सांगा, जिने माझ्या नातवाला सांभाळलं तिने बोलावलं म्हणून गेले. यावर खान्देशात कोणी काही बोलू शकत नाही.

आणि १३ ला सकाळी दहाची मिस्सा संपली, आजाऱ्यांना आशीर्वाद देऊन झाला की लगेच उठू नका, पुष्कळ टुरिस्ट तिथेच उठतात आणि बसच्या रांगेत जातात. मूर्ती परत तिच्या लहान चॅपलकडे निघते तेव्हा सगळं मैदान पांढरे रुमाल काढतं आणि हलवत राहतं, निरोपाचे. कानबाईला नदीवर नेताना आपल्या बायका कशा घरातून निघतानाच रडवेल्या होतात, ढोल वाजत असतो आणि पाय मागे ओढतात, तसं ते दिसतं. माझा रुमाल त्या वेळी मेणाने आणि त्या सगळ्या भानगडीत मळून गेलेला, मी नुसता हात हलवत होते, तर सोबतचे एक म्हातारे काका आपला रुमाल मधोमध टर्रकन फाडून अर्धा मला देऊन मोकळे झाले. तेव्हा तुम्ही दोन पांढरे रुमाल धुऊन इस्त्री करून वेगळे ठेवा. यांचा विसरला तर गांधी टोपी आहेच.